राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र : तिन्ही एकत्र शिकायचे असेल तर

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या बहुतेकांच्या पगारातून दर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. पगाराच्या स्लिपवर ‘पी.टी.’ म्हणून दिसणारी ही रक्कम वर्षाला २,५०० रुपये होते. हा कर १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली तासगाव भागात लहान प्रमाणावर सुरू झालेला हा प्रयोग १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरला, १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातल्या प्रौढ माणसाने अंगमेहनतीचे काम मागितले तर ते देणे शासनावर बंधनकारक झाले. २००५ साली केंद्राने देशभरासाठी असा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता.

आता या योजनेला काही प्रश्न विचारून पाहा. मजुरी किती द्यायची? शेतमजुरीच्या दरापेक्षा जास्त दिली तर ऐन सुगीत शेतावर माणूस मिळेल का? फार कमी दिली तर जो अगदी नाडलेला आहे तोच येईल, पण त्याचे पोट भरेल का? हे झाले अर्थशास्त्राचे प्रश्न. काम हा हक्क की उपकार? खडी फोडण्याची ताकद ज्याच्या अंगात नाही, त्याचे शासन काहीच देणे लागत नाही का? हे नीतिशास्त्राचे, म्हणजे तत्त्वज्ञानाचे प्रश्न. आणि शहरातल्या पगारदाराने गावच्या मजुरासाठी कर भरावा, हे ज्या विधिमंडळात बागायतदारांचा दबदबा होता त्याने मान्य तरी कसे केले? पाझर तलाव, नालाबांध, रस्ते यांचा लाभ कोणाच्या जमिनीला झाला? मजुरांच्या हजेरीचे मस्टर कोणाच्या हातात होते? हे राज्यशास्त्राचे प्रश्न. तिन्हींपैकी एक जरी बाजूला ठेवला तरी रोजगार हमी कळत नाही. केवळ अर्थशास्त्र शिकलेला मजुरीचा आलेख काढील, पण कायदा मंजूर का झाला हे त्याला सांगता येणार नाही. केवळ राज्यशास्त्र शिकलेल्याला हितसंबंध दिसतील, पण मजुरी दोन रुपयांनी वाढवल्यावर काय होते याचा अंदाज बांधता येणार नाही.

राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र या तीन विषयांची मिळून जी ऑनर्स पदवी जगभर ‘पीपीई’ या नावाने ओळखली जाते, तिचा खरा हेतू हा आहे. दहावी-बारावीची मुले आणि त्यांचे पालक हल्ली या पदवीबद्दल विचारतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘कोणत्या परदेशी विद्यापीठात?’ असा असतो. माझ्या मते तो शेवटचा असायला हवा. महाराष्ट्रातल्या चांगल्या महाविद्यालयात राहून, थोडी खटपट करून, या शिक्षणाचा बराचसा भाग मिळवता येतो. तो कसा, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

आधी थोडा इतिहास. ऑक्सफर्ड विद्यापीठाने हा अभ्यासक्रम १९२० साली सुरू केला. तोवर तिथे राज्यकारभारात जाऊ पाहणारी मुले ग्रीक आणि लॅटिन ग्रंथ घोकून ‘ग्रेट्स’ नावाची पदवी घेत. पहिल्या महायुद्धानंतरच्या जगाला एवढ्यावर भागणार नव्हते. म्हणून नव्या काळाचे तत्त्वज्ञान, राजकारण आणि अर्थकारण एकत्र बांधले गेले आणि त्याला ‘मॉडर्न ग्रेट्स’ म्हटले गेले. हॅरल्ड विल्सन, एडवर्ड हीथ, डेव्हिड कॅमेरॉन, लिझ ट्रस आणि ऋषी सुनक हे ब्रिटनचे पाच पंतप्रधान याच पदवीचे. बेनझीर भुट्टो, इम्रान खान, आंग सान सू ची आणि मलाला युसूफझाई यांनीही ऑक्सफर्डला हेच शिक्षण घेतले. ही नावे वाचून पदवीने सत्ता मिळते असा समज होतो, पण तिथे पोहोचणाऱ्यांपैकी अनेकांच्या पाठीशी आधीच घराणे, पैसा किंवा नामांकित शाळा असते, हेही लक्षात घ्यावे. पदवीची पारख तिच्या यशस्वी नावांवरून करू नये, तिथे आठवड्याच्या आठवड्याला काय करावे लागते यावरून करावी.

आणि हे तीन विषय एकत्र असणे ही मुळात काही नवी गोष्ट नव्हती. ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ १७७६ साली लिहिणारा अ‍ॅडम स्मिथ ग्लासगो विद्यापीठात नीतिशास्त्राचा प्राध्यापक होता. आपल्याकडे न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली पुण्यात डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले, तेव्हा इंग्लंडचे आर्थिक सिद्धान्त जसेच्या तसे या देशाला लावता येतील का, हा त्यांचा प्रश्न एकाच वेळी आर्थिकही होता आणि तात्त्विकही. बाबासाहेब आंबेडकरांचे शिक्षण तर या संदर्भात प्रत्येक विद्यार्थ्याने बारकाईने पाहावे. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाले. १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे मुख्य विषय अर्थशास्त्र, पण जोडीला समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र आणि तत्त्वज्ञान. अर्थतज्ज्ञ सेलिग्मन आणि तत्त्वज्ञ जॉन ड्यूई हे दोघेही त्यांचे शिक्षक. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ चा, जातिसंस्थेच्या निर्मूलनावरचा १९३६ चा, आणि राज्यघटनेचे काम त्यानंतरचे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी इशारा दिला, की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण प्रवेश करत आहोत. त्या इशाऱ्यात तिन्ही विषय एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. ही पदवी शिकू पाहणाऱ्या मराठी मुलामुलींना याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

तत्त्वज्ञान म्हटले की पालकांच्या कपाळावर आठी पडते. पोथी, अध्यात्म, म्हातारपणीचे वाचन असे काहीतरी त्यांच्या मनात असते. या पदवीतले तत्त्वज्ञान वेगळे आहे. त्याची सुरुवात तर्कशास्त्रापासून होते: कोणते विधान कशावरून निघते, कुठे निघत नाही, गृहीत काय धरले आहे. मग नीतिशास्त्र आणि राजकीय तत्त्वज्ञान. न्याय्य वाटणी म्हणजे काय यावर जॉन रॉल्सने १९७१ मध्ये एक उत्तर दिले, रॉबर्ट नॉझिकने १९७४ मध्ये त्याला कडाडून विरोध केला आणि अमर्त्य सेन यांनी २००९ मध्ये दोघांहून वेगळी वाट धरली. विद्यार्थ्याने तिघांची मते पाठ करायची नसतात. तिघांपैकी कोणाचा युक्तिवाद कुठे गळतो हे स्वतःच्या शब्दांत दाखवायचे असते. मराठी माध्यमातल्या मुलांना यासाठी मे. पुं. रेगे आणि दि. य. देशपांडे यांचे लेखन हाताशी आहे. इतक्या स्वच्छ मराठीत इतका काटेकोर विचार वाचायला मिळणे ही मोठी सोय आहे आणि तिचा फायदा फार थोडे जण घेतात.

तीन विषय एकमेकांत कसे गुंततात याचे एक उदाहरण कागद-पेन घेऊन सोडवून पाहा. एका गावात तीन वस्त्या आहेत, तिन्हींची मते सारखी. निधी एकाच कामाला पुरणार आहे: पाणी, रस्ता किंवा शाळेची खोली. वरच्या वस्तीची पसंती पाणी, मग रस्ता, मग शाळा. मधल्या वस्तीची रस्ता, मग शाळा, मग पाणी. खालच्या वस्तीची शाळा, मग पाणी, मग रस्ता. पाणी की रस्ता असे मत घेतले तर दोन वस्त्या पाण्याच्या बाजूने. रस्ता की शाळा? दोन वस्त्या रस्त्याच्या बाजूने. मग पाणी शाळेला हरवील असे वाटते, पण मत घ्या: दोन वस्त्या शाळेच्या बाजूने. बहुमत गोल फिरत राहते. म्हणजे ग्रामसभेत कोणता प्रश्न आधी मताला टाकायचा हे ज्याच्या हातात, निकाल त्याच्या हातात. फ्रान्सच्या काँडोर्सेने हे १७८५ मध्ये दाखवले. १९५१ मध्ये केनेथ अ‍ॅरो या अर्थतज्ज्ञाने सिद्ध केले, की तीन किंवा अधिक पर्याय असतील तर काही अगदी साध्या, रास्त अटी पाळून सगळ्यांच्या पसंतीक्रमांतून समाजाचा एकच सुसंगत क्रम काढण्याची खात्रीची पद्धत नाही. सेन यांनी १९७० च्या ग्रंथात हा धागा पुढे नेला. दोघांनाही नोबेल अर्थशास्त्राचे मिळाले, पण प्रश्न मतदानाचा आहे आणि पद्धत तर्कशास्त्राची. हे उदाहरण सोडवताना मजा आली, ‘लोकांची इच्छा’ हे शब्द यापुढे आपण जपून वापरू असे वाटले, तर हा अभ्यास तुमच्यासाठी आहे. कंटाळा आला तरी बिघडत नाही, पण मग या पदवीचा हट्ट धरू नका.

आता तयारी. ती बारावीनंतर सुरू होत नाही, अकरावीचे विषय निवडताना होते. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या कला शाखेत अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र जवळपास सगळीकडे असतात. तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान हेही मंडळाचे रीतसर विषय आहेत, त्यांची बालभारतीची पुस्तके आहेत आणि ती संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. तुमच्या कनिष्ठ महाविद्यालयात हे विषय शिकवत नसतील तरी पुस्तके उतरवून घ्या आणि वाचा. सगळ्यांत महत्त्वाचे सांगायचे ते गणिताबद्दल. ‘गणित आणि संख्याशास्त्र’ हा बारावीचा विषय कला शाखेलाही घेता येतो. फार थोडी मुले तो घेतात आणि अनेक महाविद्यालये कला शाखेला तो देतही नाहीत. तरी जिथे मिळेल तिथे घ्या, त्यासाठी महाविद्यालय बदलावे लागले तरी चालेल. गणित सोडलेल्या विद्यार्थ्यासाठी अर्थशास्त्राची पुढची बरीच दारे बंद होतात. दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्सला प्रवेश परीक्षेत गणिताचा पेपर द्यावा लागतो. मुंबईत गोरेगावला रिझर्व्ह बँकेने १९८७ साली स्थापन केलेल्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेत एम.एस्सी. अर्थशास्त्राला जायचे तर निदान बारावीपर्यंतचे गणित लागते. गणित नकोसे वाटते म्हणून कला शाखा घेतलेल्या मुलांनी हे वाचून खचू नये. अवकलन, फलने, संभाव्यता आणि सांख्यिकीचे प्राथमिक ज्ञान दोन सुट्ट्यांत शिकता येते. पण ते शिकावे लागतेच, त्याला पळवाट नाही.

महाविद्यालयात आल्यावर नव्या रचनेचा फायदा घ्यायचा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून मेजर-मायनरची, म्हणजे मुख्य आणि जोडविषयाची, पद्धत आली. तीन वर्षे पूर्ण केली की साधी पदवी मिळते, चार वर्षांची ऑनर्स. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात तीन वर्षांना १२० आणि चार वर्षांना १६० क्रेडिट धरली आहेत. चौथ्या वर्षात संशोधनासह ऑनर्स करायचे असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. शिवाय ती सोय सगळीकडे नसते, पीएच.डी.चे मार्गदर्शक असलेले प्राध्यापक ज्या विभागात आहेत तिथेच असते. प्रवेश घेण्याआधी ‘तुमच्याकडे चौथे वर्ष आहे का, आणि ते संशोधनासह आहे का’ हा प्रश्न विभागात जाऊन समोरासमोर विचारा. माहितीपत्रकावर विसंबू नका.

महाविद्यालय निवडताना तिन्ही विषयांचे विभाग एकाच आवारात आहेत की नाहीत हे पाहा. अडचण नेहमी तत्त्वज्ञानाची असते. विद्यार्थी नाहीत म्हणून प्राध्यापक नाहीत आणि प्राध्यापक नाहीत म्हणून विद्यार्थी नाहीत, अशी या विभागांची आज अनेक ठिकाणी अवस्था आहे. पुण्यात फर्ग्युसन आणि स. प. महाविद्यालय, मुंबईत रुईया ही तत्त्वज्ञानाच्या अध्यापनाची परंपरा असलेली महाविद्यालये. आपल्या जिल्ह्यात असा विभाग आहे का याची चौकशी करा आणि असला तर तिथल्या प्राध्यापकांना जाऊन भेटा. एखादा विद्यार्थी आपणहून तत्त्वज्ञान शिकायला येतो आहे हे पाहून त्यांना किती आनंद होतो, हे अनुभवण्यासारखे आहे.

मेजर कोणता घ्यावा? माझा सल्ला स्पष्ट आहे: मेजर अर्थशास्त्र, मायनर तत्त्वज्ञान. अर्थशास्त्र पायरीपायरीने शिकावे लागते, एक पायरी चुकली की पुढचे कळत नाही, त्यामुळे वर्ग, शिक्षक आणि सराव हवा. तत्त्वज्ञानात चूक दाखवणारे माणूस समोर लागते, नुसत्या वाचनाने आपला युक्तिवाद आपल्यालाच पटत राहतो. राज्यशास्त्राचे मोठे ग्रंथ मात्र चिकाटीने एकट्याला वाचता येतात. ग्रामसभा, नगरपालिकेची बैठक, विधिमंडळाचे कामकाज प्रत्यक्ष पाहताही येते. राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांना हे मत पटणार नाही आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. घटना, पक्षपद्धती, आंतरराष्ट्रीय संबंध यांचाही शिस्तशीर अभ्यास लागतो. पण सगळे रीतसर मिळत नसेल तेव्हा कशाला प्राधान्य द्यायचे, एवढ्याचपुरते हे उत्तर आहे. तुमचा ओढा राज्यशास्त्राकडेच असेल तर मेजर राज्यशास्त्र आणि मायनर अर्थशास्त्र घ्या. अर्थशास्त्र पूर्ण सोडणे मात्र टाळा.

तिसरा विषय राहतो त्याची सोय ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन व्यवस्थेतून करता येते. तिथले अभ्यासक्रम शिकायला मोफत आहेत, शुल्क लागते ते परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तरच. महाविद्यालयाने मान्यता दिली तर त्यांची क्रेडिट पदवीत धरली जातात, म्हणून सत्र सुरू होण्याआधी विभागप्रमुखांकडून लेखी परवानगी घ्या. ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे मुक्त निवडीचा विषय, साधारणपणे दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यावा लागतो. मुले तिथे सोप्यात सोपा विषय शोधतात. तुम्ही संख्याशास्त्र, लेखाकर्म किंवा संगणकावर आकडेवारी हाताळण्याचा विषय घ्या. पुढे अर्थसंकल्प वाचताना त्याचा उपयोग होईल. नियम विद्यापीठागणिक वेगळे आहेत आणि दरवर्षी थोडे बदलत आहेत, त्यामुळे वरच्या वर्गातल्या मुलांनी केले तेच आपल्याला करता येईल असे गृहीत धरू नका.

ऑक्सफर्डकडून घेण्यासारखी खरी गोष्ट कोणती असेल तर ती ट्यूटोरियलची पद्धत. विद्यार्थ्याला एक प्रश्न आणि वाचनाची यादी मिळते. आठवडाभरात वाचून तो निबंध लिहितो आणि शिक्षकासमोर, एक-दोन सोबत्यांच्या साक्षीने, त्याची उलटतपासणी होते. पहिल्या वर्षी तिन्ही विषय, नंतर हवे तर एक सोडून दोनच ठेवता येतात, पण हा आठवड्याचा निबंध सुटत नाही. याला पैसा लागत नाही. तिघांनी मिळून ठरवावे: दर शनिवारी एकाने हजार-दीड हजार शब्दांचा निबंध आणायचा, बाकीच्या दोघांनी तो आधी वाचून ‘हे कशावरून?’ असे प्रत्येक परिच्छेदाला विचारायचे. विषय जवळचे घ्या. कांद्यावर निर्यातबंदी घालणे ग्राहकाच्या दृष्टीने न्याय्य असेल तर लासलगावच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने काय? उसाला पाणी किती द्यायचे हे बाजाराने ठरवावे की सरकारने? आरक्षणाचा आधार मागासलेपण असावा की उत्पन्न? निबंधात विरोधी बाजू इतक्या ताकदीने मांडायची, की त्या बाजूच्या माणसाने वाचून ‘हो, माझे म्हणणे हेच आहे’ असे म्हणावे. त्यानंतरच ती खोडायची. महिन्यातून एकदा प्राध्यापकांना बसायची विनंती करा, बहुतेक जण नाही म्हणत नाहीत.

या निबंधांसाठी काय वाचावे? ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ मुंबईतून निघते आणि महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बहुधा असते. सुरुवातीला त्यातला एक लेख समजायला दोन दिवस लागतात, वर्षाअखेरीस दोन तास. मराठीत ‘साधना’ आणि ‘परामर्श’ आहेत, पुण्याच्या इंडियन स्कूल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी या संस्थेची ‘अर्थबोधपत्रिका’ आहे. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला तो मिळवून वाचा. आकडे कसे गोळा होतात आणि त्यांतून धोरणाची शिफारस कशी निघते हे त्यात दिसते. दोघेही पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले. १९३० पासूनच्या या संस्थेच्या इंग्रजी नावात ‘पॉलिटिक्स’ आणि ‘इकॉनॉमिक्स’ दोन्ही आहेत आणि ती आता अर्थशास्त्राची पदवीही देते. इंग्रजीबद्दल एवढेच म्हणेन, की विचार मराठीत पक्का करा आणि तोच निबंध महिन्याने इंग्रजीत लिहून पाहा. पुढच्या अनेक प्रवेश परीक्षा आणि बहुतेक ग्रंथ इंग्रजीत आहेत, ते टाळता येत नाही.

तयार पीपीई पदवी भारतातही आहे. हरियाणातल्या अशोका विद्यापीठात राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र यांचा एकत्रित मेजर घेता येतो. शिक्षक चांगले आहेत, ग्रंथालय उत्तम आहे आणि खर्च मोठा आहे. खासगी विद्यापीठांत गरजेनुसार शुल्कात सवलत मिळते, पण ती मागावी लागते आणि घरच्या उत्पन्नाची कागदपत्रे वेळेत द्यावी लागतात. अर्ज करायला संकोच करू नका. सवलत मिळाली तर जरूर जा. ती न मिळता घर गहाण ठेवून जाण्याइतके मोल मात्र पदवीच्या पातळीवर या नावाला नाही.

परदेशाबद्दलही हेच. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्डखेरीज यॉर्क, वॉरिक, डरहॅम, मँचेस्टर अशा अनेक ठिकाणी ही पदवी आहे. ऑक्सफर्डसाठी अर्जाची मुदत १५ ऑक्टोबर असते, म्हणजे प्रवेशाच्या जवळपास एक वर्ष आधी. लेखी प्रवेश परीक्षा असते आणि निवडलेल्यांची मुलाखत होते. परीक्षेचे स्वरूप बदलत असल्याने जुन्या पुस्तकांवर भरवसा ठेवू नये. राज्य मंडळाची बारावी थेट चालते का, हे प्रत्येक विद्यापीठाच्या प्रवेशनियमांत आधी तपासा, ते न पाहता शिकवणीवर पैसे घालणारे पालक दिसतात. अर्जातल्या निवेदनात आता तीन प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात: हा विषय का, आतापर्यंतच्या शिक्षणाने काय तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केले. वर सांगितलेले शनिवारचे निबंध ज्यांनी वर्षभर लिहिले, त्यांना तिसऱ्या उत्तरासाठी काही रचून लिहावे लागणार नाही.

तरीही माझा कल पदवी इथे आणि पदव्युत्तर शिक्षण बाहेर याकडे आहे. शिष्यवृत्त्या मुख्यतः त्या टप्प्यावर आहेत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी असते. विद्यापीठाच्या क्रमवारीची आणि उत्पन्नाची अट असते, म्हणून चालू वर्षाची जाहिरातच वाचा. एकविसाव्या वर्षी आपल्याला कशाचा अभ्यास करायचा आहे हे अठराव्या वर्षापेक्षा कितीतरी स्पष्ट झालेले असते.

नोकरीचे काय, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर गोड करून देऊ नये. ही पदवी थेट एखाद्या पेशाचा परवाना देत नाही. स्पर्धा परीक्षांसाठी ती उपयोगी आहे: केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राचा २५० गुणांचा स्वतंत्र पेपर आहे, निबंधाचा २५० गुणांचा आहे आणि तिन्ही विषय वैकल्पिक म्हणून घेता येतात. पण भारतीय अर्थ सेवेला अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते, नुसत्या ऑनर्सवर बसता येत नाही. संसदेच्या सदस्यांबरोबर वर्षभर काम करण्याची ‘लॅम्प’ फेलोशिप दिल्लीची पीआरएस ही संस्था चालवत आली आहे; ती सध्या चालू आहे का हे आधी पाहून घ्या. विधेयके, स्थायी समित्या, अर्थसंकल्प यांचे काम त्यात शिकायला मिळते आणि या पदवीच्या विद्यार्थ्याला ती अगदी साजेशी आहे. राज्यात मुख्यमंत्री फेलोशिपची जाहिरात निघते तेव्हा पाहावी. पत्रकारिता, कायद्याचे शिक्षण, संशोधन संस्था, बँका, सामाजिक संस्था ही पुढची क्षेत्रे. पहिला पगार अभियंत्याच्या तुलनेत बहुधा कमी असेल. घराला लगेच हातभार लावणे गरजेचे असेल तर तीन वर्षांवर पदवी घेऊन कामाला लागण्यात काहीच कमीपणा नाही. चौथे वर्ष संशोधनाकडे जाणाऱ्यांसाठी आहे: ७५ टक्के गुणांसह चार वर्षांची पदवी असेल तर एम.ए. न करता थेट पीएच.डी.साठी अर्ज करता येतो.

एक धोका मात्र आधीच ओळखून ठेवा. तीन विषय घेणाऱ्याला प्रत्येकातले थोडे थोडे येते आणि सफाईने बोलता येते. ब्रिटनमध्ये या पदवीवर होणारी जुनी टीका हीच आहे, की ती कोणत्याही विषयावर आत्मविश्वासाने बोलणारी, पण कशाचाच तळ न गाठलेली माणसे घडवते. टीकेत तथ्य आहे. त्यावर उपाय एकच: दुसऱ्या वर्षापर्यंत एक प्रश्न आपला म्हणून निवडा आणि तो सोडू नका. तो तुमच्या तालुक्यातला असला तर उत्तम. मराठवाड्यातल्या पीकविम्याचे पैसे, कोकणातल्या मासेमारीवरची बंधने, गोव्यातल्या खाणी, तुमच्या शहरातली घरपट्टी, काहीही. त्या एका प्रश्नाची सरकारी कागदपत्रे, माहितीच्या अधिकारात मिळवलेले आकडे, लोकांशी झालेली बोलणी आणि त्यामागचा न्यायाचा प्रश्न असे सगळे एका वहीत जमवत राहा. चौथ्या वर्षाचा प्रबंध त्यातूनच निघेल, आणि मुलाखतीत ‘तुम्ही नेमके काय शिकलात’ असे कोणी विचारले तर तेच उत्तर असेल.

यंदा अकरावीला किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेणार असाल तर अर्ज भरण्याआधी दोन कामे करा. जवळच्या महाविद्यालयात तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांची परवानगी घेऊन त्यांच्या एका तासाला बसा. आणि विषयांच्या यादीत गणित आहे का, हे पुन्हा एकदा पाहा.